सरोवराकाठी वाढलेलं पान

१

भाद्रपद वद्य नवमीला आमच्या घरची चूल भल्या पहाटे पेटायची. सवाष्ण गेलेल्या बाईचा हा दिवस. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या सासूबाई, गोदूबाई, सोवळ्यानं स्वयंपाक करायच्या. भटजी श्राद्ध उरकायचे, मग मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्यावर मी पान ठेवायचो आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहायचो. कावळा शिवला की सासूबाई जेवायच्या. तोपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत.

मालन, माझी बायको, एकोणपन्नास साली विषमज्वरानं गेली. शालू तेव्हा रांगत होती. सासूबाई खडवलीहून लेकीच्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि नातीसाठी राहिल्या. त्यांना दुसरं मूल नव्हतं. जावयाच्या घरी राहणं त्यांना जड जात असणार, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पितृपक्षात ठाण्यातले कावळे घरोघर जेवत फिरतात, त्यातला एक आपल्याकडे उतरला तर त्यात नवल ते काय, असं मी म्हणायचो. म्हणायचो, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहायचो. पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा यायचा. मालनला भूक म्हणून धरवायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वर्षातून तेवढा एक क्षण माझ्या छातीवरचं ओझं उतरायचं.

छप्पन साली शिक्षकांच्या एका शिष्टमंडळात माझी वर्णी लागली आणि चीनला जायचं ठरलं. तेव्हा भाई-भाईचे दिवस होते. शाळेनं हारतुरे केले. अडचण एकच होती, नवमी नेमकी प्रवासात येत होती. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी करू, असं मी सासूबाईंना सुचवून पाहिलं. त्यांनी हातातली परात खाली ठेवली.

"जावईबापू, ती येईल आणि पान दिसायचं नाही, असं नको. तुम्ही असाल तिथं वाढा. आणि तिला तसं सांगा, कुठं आहात ते. इथं येऊन उपाशी परतायला नको माझी पोर."

घरी त्या दिवशी पान ठेवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. दोन ठिकाणी वाढलं तर ती गोंधळेल म्हणाल्या. माझ्या ट्रंकेत त्यांनी काळे तीळ, दर्भ आणि तांदूळ एका पुरचुंडीत बांधून दिले. म्हातारीचं समाधान होत असेल तर माझं काय जातंय, असा विचार करून मी ती ठेवून घेतली.

२

हांगचौ पाहून मला आधी हसू आलं. बोटीनं समुद्र ओलांडला, दोन दिवस आगगाडीत अंग आंबवलं, आणि शेवटी पाहायचं काय, तर तलाव. ठाण्याच्या माणसाला तलावाचं कौतुक ते किती असणार. पण संध्याकाळी धुकं विरळ झालं आणि माझी बोलती बंद झाली. तीन बाजूंना निळे डोंगर, मध्ये नजर पोचणार नाही एवढं पाणी, पाण्यातून गेलेला लांबच लांब बांध, त्यावर झुकलेली झाडं आणि कमानीचे पूल. एका टेकडीवर सुळक्यासारखा उंच मनोरा. आठशे वर्षांपूर्वी हे गाव बादशहांची राजधानी होतं, असं आमच्या दुभाष्यानं सांगितलं. त्याचं नाव लिन. तो पेकिंगच्या विद्यापीठात हिंदी शिकला होता, आणि इतकी शुद्ध हिंदी बोलायचा की आमच्यातल्या उत्तर प्रदेशच्या मास्तरांनाही अर्थ विचारावा लागे.

आम्ही नावेतून हिंडलो, डोंगरातल्या दगडी मूर्ती पाहिल्या, चहाच्या मळ्यात बसून हिरवा चहा प्यायलो. हे सगळं मालनला दाखवायला हवं होतं, असं पहिल्याच संध्याकाळी वाटलं. तिचं जग खडवलीला सुरू होऊन ठाण्याला संपलं. मला फार वाईट वाटलं.

नवमीच्या सकाळी मी लवकर आंघोळ केली, धोतर नेसलो आणि हॉटेलमागच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेलो. लिननं स्वयंपाकघरातून भात, दूध, साखर आणि कसलीशी उकडलेली पालेभाजी आणून दिली होती. कमळाचं एक पानही त्यानंच मिळवलं. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. आमचा काही धर्माचार असावा एवढं त्याला कळलं आणि तो शिष्टाचारानं लांब जाऊन उभा राहिला.

भटजी नव्हते, म्हणून आठवेल तेवढं मीच म्हटलं. संकल्पात आपण कुठं बसलोय ते सांगावं लागतं. आमचे भटजी गोदावरीचा दक्षिण तीर म्हणून मोकळे होतात. ठाण्यापासून गोदावरी कुठं आणि आम्ही कुठं, हे मला दरवर्षी खटकायचं. भूगोलाच्या मास्तरानं तरी चुकीचं स्थळ सांगू नये. मी चीन देश म्हटलं, हांगचौ नगर म्हटलं, या तलावाचं नाव पश्चिम सरोवर, म्हणून पश्चिम सरोवराचा पूर्व तीर म्हटलं.

मग मला राहवेना. मालनला नुसतं गावाचं नाव सांगून कधी भागत नसे, खुणा सांगाव्या लागत. मी मराठीत सांगायला लागलो. या पायऱ्या, इथं हे पाण्यावर वाकलेलं झाड, मागं पिवळं हॉटेल, तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली माझी. तिच्याशी असं मोठ्यानं बोलून सात वर्षं झाली होती.

कावळा मात्र एकही नव्हता. मी दोनदा काव काव केलं, मला माझंच हसू आलं. तेवढ्यात वरून लिननं हाक मारली. रेशमाच्या कारखान्याला जायची बस सुटत होती, माझ्यामुळे सगळे खोळंबले होते. पान तसंच ठेवून मी पळत सुटलो.

३

दुपारी परत आलो तेव्हा पान पायरीवर तिथंच होतं. भात संपला होता. पक्ष्यानं खाल्लं की शितं विखुरतात, पानाला टोचे पडतात. इथं पान स्वच्छ होतं. भाजीत आचाऱ्यानं आल्याचे तुकडे घातले होते, ते तेवढे वेचून पानाच्या डाव्या कडेला एकावर एक ठेवलेले होते.

मालन आलं खात नसे. चहात घातलं तरी तोंड वाकडं करायची.

हॉटेलातल्या कुणीतरी उपाशी माणसानं खाल्लं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चिनी माणसाला आलं आवडत नाही असं कसं होईल, हा प्रश्न लगेच मनात आला, तो मी तिथंच दाबला. पान पाण्यात सोडून दिलं.

खोलीत येऊन पडलो. तिथं प्रत्येक खोलीत टेबलावर गरम पाण्याचा थर्मास, चहाची पत्ती आणि झाकण असलेला चिनी मातीचा पेला ठेवायची पद्धत होती. आज पेले दोन होते. पलंगाखाली सपाताही दोन जोड. पाहुणचारात ही मंडळी कुणाला ऐकायची नाहीत, असं म्हणून मी दुसरा पेला दाराबाहेर ठेवला आणि हातपाय धुवायला न्हाणीघरात गेलो.

तोंडाला साबण लावलेला असताना खोलीतून आवाज आला. पेल्याचं झाकण उचलून परत ठेवल्याचा, टक्. थोडा वेळ गेला आणि पुन्हा टक्. घाईचा आवाज नव्हता. झाकणाचा पेला पहिल्यांदाच पाहिलेलं माणूस जसं उघडून बघेल, मिटून बघेल, तसं चाललं होतं.

मी तोंड न धुताच दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. टेबलावर माझा पेला होता आणि त्याच्या शेजारी, मी बाहेर ठेवलेला, दुसरा होता. त्यात चहा ओतलेला होता. झाडणारी बाई येऊन गेली असणार. मी बाहेर जाऊन पाहिलं. लांबलचक मोकळा बोळ, टोकाला एक खिडकी, खिडकीत तळं.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी भीती वाटली नाही. मी त्या पेल्याला हात लावला नाही, एवढंच. संध्याकाळी जेवून आलो तेव्हा तो रिकामा होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शांघायला निघायचं होतं. ट्रंक घेऊन खाली आलो तर आमच्या मजल्यावरची सेविका, मानेपर्यंत केस कापलेली एक पोक्त बाई, लिनपाशी उभी होती. माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारत होती. लिन माझ्याकडे वळला.

"श्रीमान, ये पूछती हैं कि देवीजी कल से खिड़की के पास ही क्यों खड़ी हैं। बैठने को कहा तो बैठीं नहीं। कुछ बोलती हैं, पर यहाँ कोई समझ नहीं पाता।"

कोण देवीजी, मी विचारलं. माझ्या खोलीतल्या, तो म्हणाला. मग तोच ओशाळला. आमच्या शिष्टमंडळात नागपूरच्या एक बाई होत्या, साडी नेसणाऱ्या. सेविकेनं त्यांना चुकून माझ्या खोलीत पाहिलं असेल, असं तो घाईघाईनं म्हणाला. विषय नाजूक होता. मीही मान डोलावली. नागपूरच्या बाई पहिल्या मजल्यावर राहत होत्या आणि आदल्या दुपारपर्यंत त्या आमच्याबरोबर कारखान्यात होत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बस निघाली आणि तळ्याच्या कडेनं वळली. हॉटेलची पिवळी भिंत मागं सरकायला लागली. मी ठरवलं होतं की वर बघायचं नाही. तरी बघितलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीत एक बाई पाठमोरी उभी होती. तिनं दोन्ही कोपर वर केले होते, अंबाडा घालताना बायका करतात तसे. बाहेर जायला निघाली की मालन आधी केस नीट करायची. मी दाराशी खोळंबायचो आणि चिडायचो. आटप गं, म्हणायचो.

त्या हॉटेलात काम करणाऱ्या एकाही बाईला अंबाडा घालण्याएवढे केस नव्हते.

थांबवा म्हणावं, असं ओठांवर आलं. थांबवून सांगणार काय होतो? शेजारी बसलेले उत्तर प्रदेशचे मास्तर मला खजूर देत होते. मी एक उचलला. बस स्टेशनवर पोचली.

५

परत आल्यावर माझी व्याख्यानांची चंगळ झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथं बोलावतील तिथं मी नव्या चीनवर बोलायचो. धरणं, शाळा, कारखाने. हांगचौबद्दल कुणी विचारलंच, तर तिथं एक मोठं तळं आहे म्हणायचो. सासूबाईंनी पान वाढलं का विचारलं, मी हो म्हणालो. शिवला का विचारलं, तेव्हाही हो म्हणालो. त्या समाधानानं आत गेल्या.

पुढल्या वर्षीची नवमी आली. भटजी उरकून गेले. मी विहिरीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे होते, शेजारच्या पत्र्यावर ओळीनं बसले होते. एकही उतरला नाही.

आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहिलो. सासूबाईंनी हात जोडून शालूचं सगळं नीट करीन म्हणून सांगितलं. मी दुसरं लग्न करणार नाही म्हणून सांगितलं. शालूनं, काय सांगायचं ते न कळून, आई ये ना गं म्हटलं. शेजारणीनं तिच्या घरचं पान आमच्यापासून चार हातांवर आणून ठेवलं, त्यावर सगळा थवा तुटून पडला. आमच्या पानावरून ते उडत गेले. त्यांना ते पान दिसतच नव्हतं असं वाटावं.

संध्याकाळपर्यंत सासूबाई मागच्या पायरीवर बसून होत्या. भातावर मुंग्या चढल्या. दिवेलागणीला त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि तिकडं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. पान, आल्याचे तुकडे, पेला, खिडकी.

"मग तिला जा म्हणालात का?" त्यांनी शेवटी विचारलं.

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आपण बोलावतो तशी पाठवणीही करावी लागते. श्राद्ध संपताना भटजी अक्षता टाकून पितरांना निरोप देतात, मगच ते आपल्या वाटेला लागतात. दरवर्षी माझ्यासमोरच करत होते.

मी म्हणालो, बस सुटत होती.

सासूबाईंनी डोळे मिटले. "तुम्ही याल म्हणून थांबलीय ती," एवढंच म्हणाल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तलावपाळीवर जाऊन बसलो आणि डोकं शांत ठेवून विचार केला. कावळा हा पक्षी आहे. सेविकेची चूक होऊ शकते. खिडकीच्या काचेत झाडाची सावली हलू शकते. माझ्या प्रत्येक मुद्द्यात दम होता. आणि मुद्दा मांडून झाला की प्रत्येक वेळी ती मला दिसायची, त्या बोळात, त्या खिडकीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी विचारताना. काय विचारत असेल ते मला ठाऊक होतं. आमचे हे कुठं गेलेत हो, एवढंच ती विचारत असणार, आणि तिथं ते कुणालाही कळत नव्हतं.

६

तिथं बसून निरोप दिला तरच ती सुटेल, असं सासूबाईंनी धरून ठेवलं होतं. भटजींना इथून काही करता येईल का विचारलं, तर ते असली भानगड आपण ऐकली नाही म्हणाले. त्यांनी इथूनच अक्षता टाकून पाहिल्या. पुढल्या वर्षीही पान तसंच राहिलं.

मी खटपट केली. भारत-चीन मैत्री संघाच्या लोकांना भेटलो, मुंबईला पासपोर्टसाठी खेटे घातले. एकट्या माणसाला कशाला जायचंय, असं विचारायचे. बायकोला आणायला, असं कुणाला सांगणार? अभ्यासासाठी म्हणायचो. ते हसायचे.

"तिकडं जायला गाडी असते का हो?" सासूबाई अधूनमधून विचारायच्या. असते, मी सांगायचो. थंडी पडली की त्या म्हणायच्या, तिकडं फार गारठा असेल ना. तिच्या अंगावर नुसतं लुगडंच आहे. मी शाळेच्या नकाशात हांगचौचं हवामान पाहिलं होतं. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतं. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

मग एकोणसाठ साल उजाडलं. तिबेटचं प्रकरण झालं, सरहद्दीवरून कुरबूर सुरू झाली, वर्तमानपत्रांचा सूर पालटला. व्याख्यानं बंद पडली. मैत्री संघाचं दार मी गेलो तेव्हा बंद होतं. आता शिष्टमंडळंही जाणार नव्हती. मी आता तिथं कधी पोचणार नाही, हे त्या बंद दारासमोर मला स्वच्छ कळलं. घरी येऊन मी जेवलो आणि वह्या तपासत बसलो. सासूबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

त्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. दुखणं असं काही नव्हतं, अन्न तुटलं होतं. शालू त्यांच्या तोंडात पेज घालायची. शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात धरला. काही मागितलं नाही, नुसता धरून ठेवला. हात सुटला तेव्हा शालू शाळेत होती.

७

त्यांना मुलगा नाही, तेव्हा क्रिया मीच केली. दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. खडवलीहून त्यांचा पुतण्या मारुती आला होता. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरलो. काठावरच्या झाडावर कावळे होते, एक-दोघे खाली येऊन पिंडाभोवती चाललेसुद्धा. शिवेनात.

मारुतीनं हात जोडून खडवलीच्या घरात रोज दिवा लावीन म्हणून सांगितलं. शालू म्हणाली, आजी, मी खूप शिकेन. मी तिला सांभाळीन, शिकवीन, चांगल्या घरी देईन म्हटलं. कावळे मान तिरकी करून बघत राहिले. उन्हाचा तडाखा वाढला. मारुती माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भावजी, म्हातारीचं कशात अडकलंय ते तुम्हालाच म्हाईत असंल. बोलून टाका."

मला माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्या माणसांत फक्त मलाच माहीत होतं, म्हणून मी गप्प होतो.

भटजींनी शेवटी दर्भ काढला आणि दर्भाचा कावळा करायला बसले. तो पिंडाला टेकवायचा आणि सुटायचं. ज्याला खरा कावळा शिवत नाही त्याचं असं भागवतात. म्हातारीनं दहा वर्षं माझं घर सांभाळलं होतं, माझं पोर वाढवलं होतं. तिला असं गवतावर भागवून पाठवणं मला सहन होईना. मी भटजींचा हात धरला आणि पुढं झालो.

"आई," मी म्हणालो, "मालनला मी घरी घेऊन येतो."

वाक्य पुरं व्हायच्या आधीच कावळा खाली आला. पिंडात चोच घातली, आणि मग सगळे उतरले. मारुतीनं सुटकेचा श्वास टाकला. सुटली हो म्हातारी, असं कुणीतरी म्हणालं, आणि माणसं आंघोळीला पाण्याकडे वळली.

मी उभाच राहिलो. जन्मभर जावयाला उलटून न बोललेली ती बाई माझा शब्द खरा मानून निघून गेली होती.